उमराव वर्षभर परदेशात, मग मागे घर आणि जमीनजुमला कोण सांभाळायचं?

कोरा_कागद

नमस्कार मंडळी. मी एक कादंबरी लिहायला घेतलीय (पूर्ण होईल की नाही ते देव जाणे). नायक चौदाव्या शतकातला एक तरुण इंग्लिश अर्ल. घराणं मोठं, जमिनी पाच-सहा परगण्यांत विखुरलेल्या, वाड्यावर रोज शंभरेक पानं उठतात. हा माणूस धर्मयुद्ध करतो म्हणून बाहेर पडतो आणि वर्ष-दीड वर्ष घरी फिरकत नाही. तिकडच्या लढाया, जहाजं, बर्फ वगैरे जमतंय मला. गाडी अडलीय ती मागच्या बाजूला. म्हणजे हा तंबूत बसून पत्रं लिहितो आणि कारभारी त्या पत्राबरहुकूम वागतो असं दाखवलं तर चालेल का? पत्र पोचायलाच महिना जाणार, उत्तर यायला अजून एक महिना, तोवर शेतातलं पीक उभं राहणार आहे का. आणि कारभाऱ्याने हात मारला तर याला कळणार कसं? बरं, बायको घरात आहे, ती नुसती खिडकीत बसून भरतकाम करत असेल हे मला पटत नाही. आणि पैशाचं काय, एवढी नाणी पेट्यांत भरून नेत होते का? ज्यांचं या विषयावर वाचन आहे त्यांनी जरा सविस्तर लिहा, घाई नाहीये.

हिशोबनीस

चांगला विषय काढलात. पत्रातून कारभार ही कल्पना आधी बाजूला ठेवा. पत्रं जायची यायची, पण त्यातून रोजचं काम चालत नव्हतं. मालक निघायच्या आधी जी घडी बसवून जाईल ती खरी, एकदा जहाज सुटलं की तो फक्त झालेल्या गोष्टीला हो किंवा नाही म्हणू शकतो, तेही तीन महिन्यांनी. आणि घडी बसवायची म्हणजे काय तर सगळी सूत्रं एका माणसाकडे द्यायची नाहीत.

मोठ्या घराण्यात साधारण तीन वेगळी माणसं असायची. स्टुअर्ड म्हणजे दिवाण, तो मालकाच्या वतीने गावोगावची कचेरी भरवणार, कुळांचे तंटे मिटवणार, जमीन कोणाला कसायला द्यायची ते ठरवणार. पण पैसा त्याच्या हातात नाही. पैसा रिसीव्हरकडे, म्हणजे वसुलीदाराकडे, तो गावागावातून रक्कम गोळा करून पेटीत ठेवणार, पण लेखी हुकुमाशिवाय पेटीतून काही बाहेर काढणार नाही. आणि तिसरा ऑडिटर, तो वर्षातून एकदा फिरून दोघांच्या वह्या तपासणार. वर्ष संपायचं मायकलमसला, २९ सप्टेंबरला, सुगी झाल्यावर, आणि त्यानंतर हिशोब सुरू.

आता या हिशोबाची गंमत बघा, कारण तुमच्या कथेला ती फार उपयोगी आहे. आपण जमाखर्च लिहितो तसा तो नव्हता. सुरुवातच अशी की या गावाकडून एवढं यायला हवं, म्हणजे ते सगळं गावच्या कारभाऱ्याच्या नावावर चढलं, जणू त्याने उचललंच. मग त्याने सांगायचं की यातले एवढे भरले, एवढे छप्पर दुरुस्तीला गेले, या घराचं कूळ मेलं म्हणून एवढे आलेच नाहीत. जे तपासनीस मान्य करेल ते वजा, जे मान्य नाही ते त्या माणसाच्या डोक्यावर बाकी म्हणून पुढच्या वर्षी. नफा किती झाला हे त्यातून धड कळत नाही, पण कोण किती देणं लागतो हे बरोब्बर कळतं. दूर असलेल्या मालकाला तेच हवं असतं ना. तो गावी नसला तरी वही त्या माणसाच्या मानगुटीवर बसलेली.

चोऱ्या व्हायच्याच. सगळ्यात सोपी म्हणजे झाडं. रान तोडून लाकूड विकलं तर तीस वर्षांनी भरून येणारं नुकसान आणि वहीत फक्त ‘कुंपणाला लाकूड वापरलं’ अशी एक ओळ. दुसरी म्हणजे आपल्याच मेव्हण्याला स्वस्तात जमीन. म्हणून शहाणे मालक निघताना सांगून जायचे की मी येईपर्यंत मोठी झाडं तोडायची नाहीत आणि लांब मुदतीचे पट्टे करायचे नाहीत. तुमच्या अर्लकडून निघायच्या आदल्या रात्री एवढं जरी वदवून घेतलंत तरी वाचक ओळखेल की लेखकाला विषय माहिती आहे.

आणि तुम्हाला तयार नमुना हवा असेल तर हेन्री, अर्ल ऑफ डर्बी. पुढे हाच चौथा हेन्री राजा झाला. जुलै १३९० मध्ये बोस्टन बंदरातून निघाला (इंग्लंडमधलं बोस्टन, लिंकनशरचं), प्रशियात ट्यूटॉनिक सरदारांबरोबर (जर्मन धर्मयोद्ध्यांची संघटना) विल्नाच्या, म्हणजे आजच्या लिथुआनियातल्या विल्नियसच्या, वेढ्यात लढला, हिवाळा क्योनिग्सबर्गला काढला आणि १३९१ च्या एप्रिल अखेरीला इंग्लंडमधल्या हल बंदरात परतला. १३९२ मध्ये पुन्हा निघाला, यावेळी प्राग, व्हिएन्ना, व्हेनिस करत थेट जेरुसलेमपर्यंत. दोन्ही वेळा प्रवासाचा खजिनदार वेगळा नेमला होता, रिचर्ड किंग्स्टन नावाचा पाद्री. घरची पेटी घरी, प्रवासाची पेटी वेगळी, वह्या वेगळ्या. त्या किंग्स्टनच्या वह्या आजही शाबूत आहेत आणि छापूनही निघाल्यात. घोड्यांचं वैरण, मासळी, मेणबत्त्या, होडीवाल्याचं भाडं, गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांना बक्षिसी, आणि हो, साहेब फाशांच्या जुगारात हरले तेही. पहिल्याच मोहिमेचा खर्च ४००० पौंडांच्या वर गेला. बराचसा पैसा वडिलांनी दिला, जॉन ऑफ गॉन्ट, तेव्हाचा इंग्लंडमधला सगळ्यात श्रीमंत सरदार. बाप असावा तर असा.

टवाळखोर

फाशांतला तोटा खजिनदाराने लिहून ठेवला? आमच्याकडे ‘किरकोळ’ या सदरात टाकतात.

बाकी धागा मस्त, वाचतोय.

माजघर

हिशोबनीस, सगळं बरोबर पण तुमच्या तीन माणसांत चौथं माणूस विसरलात की, आणि मूळ प्रश्नात ते विचारलंय. बायको.

तुम्ही दिलेल्याच उदाहरणात बघा. हेन्री १३९० ला निघाला तेव्हा त्याची बायको मेरी द बोहन विशीत, पदरात तीन लहान मुलगे, चौथा पोटात. तो चौथा, हम्फ्री, बाप प्रशियात असताना जन्मला. म्हणजे बाळंतपण, तीन पोरं, स्वतःच्या माहेरच्या वाट्याच्या जमिनी (ती बोहन घराण्याची वारसदार होती, त्यामुळे हेन्रीच्या मिळकतीतला मोठा हिस्सा मुळात तिच्यामुळे आलेला), हे सगळं तिच्या डोळ्यासमोर चालू. तिच्या आवाजातलं काही आपल्यापर्यंत पोचलं नाही ही वेगळी गोष्ट. १३९४ मध्ये सहाव्या वेळी बाळंत होताना गेली बिचारी.

याच्या आधीचं उदाहरण अजून ठसठशीत आहे. पहिल्या धर्मयुद्धाला फ्रान्समधल्या ब्ल्वाचा काउंट स्टीफन गेला, त्याची बायको अडेला, विल्यम द कॉन्कररची मुलगी. १०९८ साली त्याने अँटिऑकच्या वेढ्यातून तिला लिहिलेलं पत्र उपलब्ध आहे. लांबलचक, लढाईची सगळी हकीकत, आणि शेवटी काय तर जमिनीवर नीट लक्ष ठेव, मुलांशी आणि आपल्या माणसांशी जसं वागायला हवं तसं वाग. संपलं. कुठल्या गावाला किती सूट द्यायची, कोणाला कामावरून काढायचं, काही नाही. कारण ते सगळं ती करतच होती, तिला त्याने काय सांगायचं. पुढे हा गृहस्थ वेढा अर्धवट सोडून घरी पळून आला आणि तिने त्याला पुन्हा पाठवलं असं त्या काळचे इतिहासकार लिहितात. दुसऱ्या खेपेला रामल्याजवळ ११०२ मध्ये मारला गेला आणि त्यानंतरही मुलं मोठी होईपर्यंत ब्ल्वाचा कारभार तिनेच हाकला.

कायद्याने लग्न झालेल्या बाईला स्वतःच्या नावावर करार करता यायचा नाही हे खरं, पण नवऱ्याची मुखत्यार म्हणून सगळं करता यायचं. आणि नोकरमंडळी तिला घाबरून असायची कारण ऑडिटर वर्षातून एकदा येतो, ही रोज कोठीत येते. १४०५ च्या सुमारास क्रिस्तीन द पिझान या फ्रान्समधल्या लेखिकेने सरदारांच्या बायकांना सरळ बजावलंय की नवरे सतत बाहेर असतात तेव्हा तुम्हाला जमिनीचे कायदे, वसुली, हिशोब, अगदी वेळ पडली तर किल्ल्याचा बचाव, हे सगळं यायलाच हवं. तेव्हा भरतकामाची खिडकी काढून टाका आणि तिच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा द्या.

हिशोबनीस

मान्य. पण एक छोटी दुरुस्ती, मोठ्या घराण्यात बायकोच्या बरोबरीने एक सल्लागार मंडळ पण असायचं, दोन-चार जुने सरदार, एखादा वकील, एखादा पाद्री. मोठा निर्णय मंडळाच्या बैठकीत. त्यात कोणाचं किती चालायचं ते माणसावर.

माजघर

तेच म्हणतेय. अडेलासमोर मंडळाचं किती चाललं असेल!

हुंडीवाला

पैशाचं मी सांगतो, कारण पेट्यांतली नाणी हा सिनेमातला प्रकार आहे. थोडी रोकड लागायचीच, वाटखर्चाला, पण हजारो पौंडांची चांदी घेऊन अर्धा युरोप ओलांडणं म्हणजे लुटारूंना आमंत्रण आणि वजन वेगळंच. शिवाय राज्यातून सोनं-चांदी बाहेर न्यायला बंधनं होती.

तर काम चालायचं हुंडीवर. समजा तुमचा अर्ल व्हेनिसला जाणार आहे. इकडे त्याचा वसुलीदार लंडनमध्ये लोंबार्ड स्ट्रीटला फ्लोरेन्सच्या व्यापाऱ्यांची पेढी असायची तिथे पौंड भरणार. पेढीवाला व्हेनिसच्या आपल्या माणसाला चिठ्ठी लिहिणार की या चिठ्ठीवर अमुक माणसाला एवढे डुकाट (व्हेनिसची सोन्याची नाणी) द्या. लंडन-व्हेनिस हुंडीची मुदत साधारण तीन महिने धरायची. व्याज घ्यायला चर्चची बंदी, मग पेढीवाले फायदा काढणार विनिमयाच्या दरातून, पौंड घेताना एक भाव आणि डुकाट देताना दुसरा. पाप पण नाही आणि धंदा पण बुडत नाही.

खोटी हुंडी येऊ नये म्हणून लिहिणाऱ्याच्या हस्ताक्षराचा नमुना दुसऱ्या टोकाला आधीच पाठवलेला असायचा, तो जुळवून बघितल्याशिवाय पैसे नाहीत. एकाच हुंडीच्या दोन-तीन प्रती वेगवेगळ्या जासुदांबरोबर पाठवायचीही पद्धत पुढे पडली, एक बुडाली तर दुसरी पोचेल म्हणून, आणि एकीवर पैसे मिळाले की बाकीच्या आपोआप रद्द.

यात तुमच्या कथेला एक छान धोका आहे, पेढीच बसली तर? फ्लोरेन्सच्या पेरुझ्झी आणि बार्दी या त्या काळातल्या सगळ्यात मोठ्या पेढ्या, पेरुझ्झी १३४३ मध्ये गेली आणि बार्दी १३४६ मध्ये. कल्पना करा, साहेब परमुलखात, हातात कागद आहे, आणि त्या कागदामागचा माणूसच दिवाळखोर. तुमची कथा चाळीस-पन्नास वर्षं मागे नेता येत असेल तर जरूर न्या.

अजून एक, ज्यांच्याकडे वडील गॉन्टसारखे नव्हते ते सरळ जमीन गहाण टाकायचे. नॉर्मंडीचा ड्यूक रॉबर्ट पहिल्या धर्मयुद्धाला निघाला तेव्हा त्याने १०९६ साली अख्खी नॉर्मंडी भावाकडे, म्हणजे इंग्लंडच्या राजाकडे, १०००० मार्कांना गहाण ठेवली. म्हणजे मागे कारभार कोण बघणार हा प्रश्नच मिटला, सावकार बघणार! आणि त्या भावाने ते १०००० मार्क कुठून आणले तर इंग्लंडच्या रयतेवर जादा कर बसवून. बडे लोक, बड्या बाता.

कोरा_कागद

बापरे, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. सगळ्यांचे आभार. माजघर, किल्ल्यांचा जुडगा घेतला.

आता पुढची शंका. कारभारी प्रामाणिक, बायको खमकी, पैसा पोचतोय, सगळं ठीक. पण शेजारचा सरदार बघतोय की हा वर्षभर नाही, त्याने जमिनीवर दावा ठोकला तर? किंवा राजाचीच नजर फिरली तर? कोर्टात उभं कोण राहणार?

निवृत्त_वकील

आमच्या खात्याचा प्रश्न आला म्हणून बसल्या जागेवरून उठतो.

परदेशी जाणारा माणूस निघण्यापूर्वी राजाच्या दफ्तरातून दोन कागद काढून घेत असे. एक संरक्षणपत्र, म्हणजे हा इसम राजाच्या संमतीने बाहेर आहे, सबब अमुक मुदतीपर्यंत त्याच्याविरुद्ध बहुतेक दावे चालणार नाहीत. मुदत बहुधा वर्षभराची, मग वाढवून घ्यायची. दुसरा सर्वाधिकार मुखत्यारनामा. त्यात सहसा दोन नावं असत, म्हणजे एक मेला किंवा आजारी पडला तरी दुसरा कोर्टात हजर राहू शकेल. हे दोन्ही कागद सरकारी गुंडाळीत नोंदवले जात, त्यामुळे आज इतिहासकारांना कोण कधी बाहेर गेला हे त्यावरूनच कळतं. धर्मयुद्धावर जाणाऱ्याला तर चर्चचंही संरक्षण, त्याच्या मालमत्तेला हात लावणाऱ्याला बहिष्काराची धमकी. धमकीचा उपयोग किती व्हायचा ते शेजाऱ्यावर अवलंबून, रॉबर्टसारख्यांच्या काळापासून लोक चर्चला घाबरायचेही आणि जमीनही बळकवायचे.

राजाचीच नजर फिरली तर काय, याचं उत्तर वर हिशोबनीसांनी ज्याचं नाव घेतलं त्याच हेन्रीच्या आयुष्यात आहे, आणि मला वाटतं कादंबरी तिथेच आहे. १३९८ मध्ये दुसऱ्या रिचर्डने त्याला दहा वर्षं हद्दपार केलं. तो पॅरिसला जाऊन राहिला. जाताना राजाने त्याला लेखी दिलं होतं की तू बाहेर असताना जर तुला वारसा मिळायची वेळ आली तर तुझे मुखत्यार तुझ्या वतीने तो मागू शकतील. कागद पक्का, राजाचा शिक्का. फेब्रुवारी १३९९ मध्ये गॉन्ट वारला. मुखत्यार कागद घेऊन पुढे येणार, तेवढ्यात मार्चमध्ये राजाने जाहीर केलं की ती परवानगी चुकून दिली गेली, सबब रद्द. लँकेस्टरची, म्हणजे गॉन्टच्या घराण्याची, सगळी इस्टेट राजाच्या ताब्यात आणि हद्दपारी जन्मभराची.

आता यात रिचर्डची चूक काय झाली बघा. त्याने एका माणसाचा मुखत्यारनामा फाडला, पण घाबरले ते इंग्लंडमधले झाडून सगळे जमीनदार. हेन्रीचा कागद टिकत नसेल तर आपल्याकडच्या कागदाची काय किंमत? त्यामुळे जुलैत हेन्री मोजक्या माणसांनिशी यॉर्कशरच्या किनाऱ्यावर उतरला आणि म्हणाला मी फक्त माझा वारसा मागायला आलोय, तेव्हा त्याला अडवायला फारसं कोणी पुढे आलं नाही, उलट उत्तरेतले बडे सरदार त्याला येऊन मिळाले. रिचर्ड तेव्हा आयर्लंडमध्ये होता, म्हणजे तोही घर सोडून बाहेरच! सप्टेंबर संपता संपता त्याला गादी सोडावी लागली. वकिली पेशातल्या माणसाला हे वाचून फार बरं वाटतं.

टवाळखोर

म्हणजे मुखत्यारपत्र रद्द केलं म्हणून राज्य गेलं. आता बँकेत केवायसीला जाताना मी जास्त आदराने जाईन.

वर कोणीतरी जेरुसलेम म्हणालं, तिकडून काही आणलं का साहेबांनी? की नुसतंच तीर्थ?

हिशोबनीस

बिबट्या आणला. खोटं नाही सांगत. परतीच्या वाटेवरचा आहे, सायप्रसच्या राजाची भेट असं मानतात. किंग्स्टनच्या वह्यांत त्या बिबट्याचा आणि त्याच्या रखवालदाराचा खर्च पडलेला आहे. आता मागच्या लोकांची कल्पना करा, मालक वर्षाने घरी येतोय, अंगण झाडून घेतलंय, आणि पहिला प्रश्न काय तर हे कुठे बांधायचं आणि याला खायला काय.

पत्रव्यवहार

उशिरा आलो. चौदाव्या शतकातलं सगळं वर आलंय, पण पत्रांतून कारभार अजिबात चालत नव्हता असं जे पहिल्या उत्तरात आलंय ते अंतरावर अवलंबून आहे. प्रशियातून नाही चालणार, पण कॅलेहून चालायचा, आणि झकास चालायचा.

आर्थर प्लँटॅजेनेट, लॉर्ड लाइल. चौथ्या एडवर्ड राजाचा अनौरस मुलगा. आठव्या हेन्रीने त्याला १५३३ ला कॅलेचा कारभार बघायला पाठवला (फ्रान्सच्या किनाऱ्यावरचं कॅले तेव्हा इंग्लंडच्या ताब्यात). बायको ऑनर बरोबर गेली. जमिनी मागे हॅम्पशरला, डेव्हनला. आणि लंडनमध्ये त्यांचा एक माणूस, जॉन हझी. पत्र काही दिवसांत पोचायचं, वारा बरा असला तर, त्यामुळे हझी जवळजवळ रोजच्या रोज कळवायचा. कोणाचं देणं थकलंय, शिंपी कापड उधार द्यायला तयार नाही, दरबारात कोण वर चाललंय, कोणाला भेट पाठवलेली बरी, आणि मालकांनी उगाच कोणाला काय लिहू नये. नोकर मालकाला इतकं स्पष्ट लिहितो की वाचताना मजा येते.

एक प्रसंग सांगतो. १५३७ मध्ये राणी जेन सीमोर गरोदर होती आणि तिला लाव्यांचे डोहाळे लागले. कॅलेच्या बाजूला लावे चांगले मिळायचे. लाइल बाईंनी धडाधड पाठवायला सुरुवात केली, आणि पक्षी राणीच्या ताटात पोचले की त्यांच्या मुलीचं नाव कानावर घालायचं असा सगळा बेत. मुलगी ॲन लागली राणीच्या सेवेत. आता तुम्हीच सांगा ही पाककृती आहे, राजकारण आहे, का इस्टेटीचा कारभार. तेव्हाच्या लोकांना असा फरक करताच आला नसता.

आणि जिथे पत्र पुरेना तिथे माणूस गेला. नोव्हेंबर १५३८ ला ऑनर स्वतः इंग्लिश खाडी ओलांडून लंडनला गेली, पेन्सविकच्या जहागिरीचा राजाचा मंत्री थॉमस क्रॉमवेलशी व्यवहार होता, तो नवऱ्याकडून धड होणार नाही हे तिला पक्कं माहीत. नवरा मागे कॅलेत एकटा, दोघांची त्या दिवसांतली पत्रं आहेत आणि फार प्रेमळ आहेत.

हे सगळं आपल्याला माहीत कसं? तर १५४० मध्ये लाइलवर राजद्रोहाचा आळ आला, अटक झाली आणि घरातले कागद जसेच्या तसे जप्त झाले. सुमारे ३००० पत्रं. जप्ती आली नसती तर चुलीत गेली असती. तो टॉवर ऑफ लंडनमध्ये दोन वर्षं कैदेत होता, १५४२ मध्ये सुटकेची बातमी आली आणि त्या आनंदातच गेला म्हणतात.

माजघर

लाव्यांचं फार आवडलं. आणि ऑनरचं तर काय, मी वर म्हणाले तेच झालं.

कोरा_कागद, ते शंभर पानांचं पण बघा. मालक गेला की ती शंभर माणसं काय करतात? थोडी त्याच्याबरोबर जातात, काहींना रजा, आणि उरलेलं घर बाईसाहेबांच्या छोट्या परिवारात आटोपतं, भट्ट्या कमी पेटतात, घोडे गावोगावी वाटून ठेवतात. पुढे अठराव्या शतकात तर सरळ पद्धतच होती, मालक बाहेर असला की नोकरांना जेवण बंद, त्याऐवजी जेवणाचे रोख पैसे. स्वयंपाकघरावर कुलूप. मालक परदेशी गेला की आचारी खूश की नाखूश हे तुम्हीच ठरवा.

कोरा_कागद

हे फारच कामाचं. एक शेवटचं विचारतो, मग लिहायला बसतो. समजा माझ्या अर्लला कोणावरच विश्वास नाही. त्याने ठरवलं की मागे पेटीतून दमडीही निघायची तर माझ्या शिक्क्याचा कागद आल्याशिवाय नाही, मी कुठेही असेन. असं करता येईल का?

हिशोबनीस

करता येईल, आणि एकाने केलं होतं. अर्ल नाही, स्वतः राजा, तिसरा एडवर्ड. १३३८ मध्ये फ्रान्सविरुद्धच्या मोहिमेवर निघताना वॉल्टन गावी फर्मान काढलं की मागच्या खजिन्यातून मोठी रक्कम निघायची तर माझ्या बरोबर असलेल्या छोट्या शिक्क्याचा हुकूम हवा. परिणाम काय, मागचे अधिकारी वैतागले, कामं तुंबली, आणि तिकडे राजाला पैसा पोचेना. तो बेल्जियमच्या बाजूला कर्जात बुडाला, मुकुट गहाण पडला, सावकार पाठीवर. १३४० मध्ये तह करावा लागला तेव्हा त्याची खात्री झाली की मागच्या लोकांनीच आपल्याला उपाशी मारलं, आणि मागचे लोक म्हणत होते की देशात द्यायला उरलंय काय. दोघांचंही आपापल्या जागी बरोबर होतं, पण एकमेकांचे आकडे कोणालाच दिसत नव्हते.

मग राजा गेंटहून कोणाला न सांगता सटकला आणि ३० नोव्हेंबर १३४० च्या मध्यरात्री होडीने टॉवर ऑफ लंडनला हजर. पहारा जवळजवळ नाहीच, किल्लेदार जागेवर नाही. त्याच रात्री माणसं पाठवून अधिकाऱ्यांना उठवून आणायला सुरुवात, चॅन्सेलर आणि खजिनदार दोघांची गच्छंती, काही न्यायाधीश आणि व्यापारी आत. मुख्य कारभार ज्याच्याकडे होता तो आर्चबिशप स्ट्रॅटफर्ड कँटरबरीला जाऊन बसला आणि तिथून राजाविरुद्ध प्रवचनं द्यायला लागला. शेवटी राजालाच नमतं घ्यावं लागलं, वर्षभरात आर्चबिशपशी समेट.

तेव्हा अर्लने असा हुकूम जरूर काढावा. फक्त त्याचा वसुलीदार पहिल्या महिन्यात नियम पाळेल, दुसऱ्या महिन्यात गिरणीचं चाक मोडेल आणि दुरुस्तीला पैसे लागतील, आणि तिसऱ्या महिन्यात बाईसाहेब त्याला बोलावून घेतील. तिथून पुढचं प्रकरण माजघर यांना विचारा.